रुजू झाल्याची तारीख

“माझ्या लग्नाला बी एवढा कागद लागला न्हवता,” नागुबाई तव्याकडं बघत पुटपुटली. “रोपं भरायला सहा बायका ठेवायच्या, तर सहासहा पानं. वाचायची कुणी? का वाचायला सातवी ठेवनार?”

ती बोलत होती भाकरीशी. पण सून सौम्या तिच्या मागं वीतभर अंतरावर, फळीवरून कप काढत उभी होती. नागुबाईची कुरकूर नेहमी अशीच मापात असायची. ऐकू जाईल इतकी मोठी आणि उत्तर द्यावं लागणार नाही इतकी बारीक.

“चारच पानं हायत, आई,” सौम्यानं तरी उत्तर दिलंच.

“मग दोन वाचली म्हणायची. देव पावला.”

रविवार होता. रोपवाटिकेतल्या बायकांना सुट्टी, म्हणून घरच्यांना काम. निपाणीच्या बाहेर रस्त्याला लागून हिरव्या जाळीची चार शेडं, आणि त्यांत इतकी वर्षं अकरा बायका नुसत्या तोंडच्या शब्दावर कामाला येत होत्या. आता एका बियाण्यांच्या कंपनीनं दोन लाख कलमी टोमॅटो रोपांची मागणी नोंदवली होती. एक तारखेपासून आणखी सहा बायका लागणार होत्या आणि कंपनीची अट होती की प्रत्येकीला नेमणुकीचं पत्र पाहिजे. साहेब उद्या सोमवारी बघायला येणार होते. सौम्या मूळची कंग्राळीची. लग्नाआधी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पाच वर्षं असलीच पत्रं करत बसलेली. ते कागद आपल्या मागं निपाणीपर्यंत चालत येतील असं तिला वाटलं नव्हतं. पण आले तर आले. त्यातलं तिला येत होतं.

पुढच्या सोप्यात सगळे जमले होते. खुर्चीत सासरे मष्णूअण्णा, पाटावर लॅपटॉप घेऊन विक्रम आणि उंबऱ्याजवळ उजेड धरून बसलेली विक्रमची आत्या, अक्काताई. तिच्या मांडीवर रोपांचा ट्रे होता. रविवार असो नाहीतर सोमवार, तिच्या हातांना सुट्टी ठाऊक नव्हती. रानवांग्याच्या बुडख्यावर टोमॅटोचा शेंडा तिरका बसवायचा, वर चिमुकला चिमटा लावायचा, की पुढचं.

विक्रमनं मित्राच्या फौंड्रीतून एक तयार मसुदा आणला होता. त्यानं घसा साफ करून वाचायला घेतलं. “कलम तीन. भट्टीजवळ काम करताना कामगाराने हेल्मेट घालणे बंधनकारक राहील.”

“टमाट्याला घालायचं का बाईला?” अक्काताईनं मान वर न करता विचारलं.

मष्णूअण्णा खुर्चीत गदागदा हसले. विक्रमनं लॅपटॉप बायकोकडं सरकवला. “तूच कर बाई. माझं हसं झालं.”

मष्णूअण्णांना खरं तर हा सगळाच प्रकार पोरखेळ वाटत होता. हसून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे आता ते वडिलांचं नाव घेणार हे घरात सगळ्यांना कळायचं. “आमच्या आप्पांच्या येळी पाडव्याला साल ठरायचं. गडी हितं, ह्याच सोप्यात येऊन बसायचा. भावकू आप्पा हातावर पानसुपारी ठेवायचे आन् तोंडानं सांगायचे. सा पोती जोंधळं, दोन धोतरं, एक पायताण, एक घोंगडं. गड्यानं पान तोंडात घातलं की झालं. वरीसभर कुणी शबूद फिरवला न्हाय.”

“घोंगडं कुठल्या महिन्यात मिळायचं, मामा?” सौम्यानं विचारलं. चेष्टा नव्हती, ती खरंच विचारत होती.

“आता पावसाच्या तोंडालाच मिळायचं की.”

“एका साली दसऱ्याला दिलतं,” अक्काताई म्हणाली. “गडी भिजून वाळल्यावर.”

“म्हणून तारीख लिहायची असते,” सौम्या म्हणाली आणि तिनं लिहिलं: पगार दर महिन्याच्या सात तारखेच्या आत, बँकेत. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि बायकांचं साल कसं ठरायचं?”

“बायकांना साल कुठलं? त्या रोजगाराला.”

“घरातल्या बायकांचं?”

“घरातल्यांचं जल्माचं ठरल्यालं असतंय,” आतून नागुबाईचा आवाज आला. ती भाकरी उतरवून, हात पुसत, दाराच्या चौकटीला येऊन टेकली होती.

एकदा सुरू झाल्यावर काम पळायला लागलं. सौम्यानं आठ ते पाच लिहिलं, तर अक्काताईनं ते खोडायला लावलं. उन्हाळ्यात दहाच्या पुढं कलम धरत नाही, काप वाळतो. मार्च ते मे सात ते चार. सौम्यानं तीन महिन्यांचा उमेदवारीचा काळ लिहिला. अक्काताई म्हणाली, हात कसा हाय ते पंधरा दिवसांत कळतंय. सौम्या म्हणाली, “आपल्याला कळतंय हो आत्ती, पण त्यांना शिकायला नको का?” त्यावर अक्काताईनं थोडा विचार केला आणि तीन महिन्यांना मान डोलावली. आठवड्याची सुट्टी, यात्रेची सुट्टी, बाळंतपणाची रजा, काम सोडताना आणि कामावरून काढताना दोन्हीकडून एक महिन्याची आगाऊ सूचना. कुणी वंगाळ बोललं, अंगचटीला आलं तर तक्रार कुणाकडं, हेही सौम्यानं घातलं. मष्णूअण्णा पुटपुटले, “आपल्याकडं असलं काय न्हाय.” “नसंल तर कलम नुसतं पडून राहील, मामा. खायला मागत न्हाय ते.” पत्राच्या एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड, जिला जे वाचता येतं त्या अंगाला सही. आणि एक प्रत जिची तिला.

“त्येंच्याकडं कशाला?” मष्णूअण्णा म्हणाले. “हरवत्यात. आपल्या ट्रंकेत ठिवू सगळी.”

“मग ते आपलंच पत्र झालं, मामा. त्यांचं कुठं झालं?”

मष्णूअण्णांनी सुनेकडं बघितलं. ह्या पोरीशी भांडता येत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. ती आवाज चढवायचीच नाही.

नवव्या कलमापाशी मात्र काम अडलं. तिथं सौम्यानं कारखान्यातलंच वाक्य ठेवलं होतं: कामाच्या ठिकाणी तंबाखू खाण्यास मनाई. मष्णूअण्णांचा हात आपोआप खिशाकडं गेला आणि अर्ध्यात थांबला.

“एवढ्यानं भागत न्हाय,” अक्काताईनं ट्रे खाली ठेवला. “नव्या सहातल्या चौघी घरात विड्या वळत्यात. सकाळी पाचशे वळून मग हिकडं येनार. हितं तंबाखू न्हाय खाल्ली तरी हाताला असतीयाच की. तो हात टमाट्याला लागला की आठ दिसांत पान सुरकुततंय, पिवळं-हिरवं ठिपकं पडत्यात. तंबाखूचा रोग टमाट्याला. मागल्या साली चाळीस ट्रे जाळलं ते इसरलायसा?”

कुणी विसरलं नव्हतं. घाईच्या दिवसांत विक्रमनंच विड्यांच्या बायका आणल्या होत्या आणि त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. ज्या गावात घराघरात सुपात तंबाखू, तिथं तंबाखूच्या हाताला हात म्हणूनच धरतात, वेगळा दिसतच नाही.

“मग विड्या वळणाऱ्या घ्यायच्याच नकोत,” विक्रम म्हणाला.

“का? त्येंच्याएवढी बोटं हालत्यात का कुणाची? घ्यायच्या. फकस्त लिवायचं. आल्या आल्या कोपरापतुर साबनानं हात धुवायचं, मग दुधाच्या पाण्यात बुडवायचं, दुधानं त्यो रोग मरतोय. वरचा अंगरखा हितलाच, घरला न्यायचा न्हाय. आन् हे धुण्यापुसण्याला जी धा मिन्टं जातील ती कामाच्या येळेतच धरायची.”

“ती कशाला?” मष्णूअण्णा.

“त्येंच्या येळेत धरली तर कोण धुतंय?”

सौम्या लिहिता लिहिता थांबली. पाच वर्षांत तिनं जितकी पत्रं केली होती, त्यांत इतकं शहाणं कलम तिनं पाहिलं नव्हतं.

“मिश्री चालती न्हवं?” नागुबाईनं चौकटीतून विचारलं. तिच्या दातांचा दिवस मिश्रीशिवाय उजाडत नसे.

“मिश्री म्हंजे तंबाखूच, वैनी. भाजल्याली.”

“मंग मी माझ्याच शेडात जायाचं न्हाय?”

“जावा की. हात धुवून.”

“बघ गं सौम्ये. आता माझी बी सही घेतील वन्सं.”

हशा झाला. त्या हशातच विक्रमनं उरकून टाकायचं म्हणून पुढचं कलम वाचलं. “कलम दहा. सदर कामगार कोणाच्या देखरेखीखाली काम करेल. इथं सौरवचं नाव घाल.”

हशा जागच्या जागी विरला.

सौरव निपाणीचा, शेतकी पदविका झालेला, एक तारखेला येणार होता. एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण तो सुपरवायझर म्हणून येणार, म्हणजे शेड त्याच्या ताब्यात जाणार, हे कुणी अक्काताईला सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, हे विक्रमला कळलं नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. आत्तीचे गुडघे त्याला दिसत होते. सत्तावन्न वर्षांच्या बाईनं किती दिवस ट्रे उचलायचे, असं त्याला खरंच वाटायचं. आणि कंपनीच्या फॉर्ममध्ये सुपरवायझरच्या शिक्षणाची चौकट होती. ती रिकामी ठेवली तर दोन लाख रोपांची मागणी दुसऱ्या नर्सरीला जायला किती वेळ?

“आत्ती, तू आता आराम करायचा,” तो म्हणाला. “तू नुसतं बसून सांग.”

“आन् सौरव काय करनार?”

“तो बघेल की सगळं.”

“परवा हात मिळवला त्येनं माझ्याशी. खिशात गुटखा. दोनदा धुवायला लावला हात, तवा आत सोडला.” तिनं ट्रे पुन्हा मांडीवर घेतला, पण बोटं नुसतीच कडेवर फिरली. “शेड त्येच्या नावावर. मग सकाळी उठून मी कुठं जायाचं, विक्रम? सैपाकघरात?”

सौम्यानं नवऱ्याच्या पुढ्यातला कंपनीचा फॉर्म ओढून घेतला आणि ती चौकट शेवटपर्यंत वाचली. विक्रमनं अर्धीच वाचली होती, हे तिला लग्नाच्या सातव्या वर्षी नव्यानं सांगायला नको होतं. “कृषी पदविका,” ती मोठ्यानं म्हणाली, “किंवा दहा वर्षांचा लेखी अनुभव.”

“लेखी म्हंजे?” अक्काताईनं विचारलं.

“कागदावर असलेला.”

“माझा रोपांवर हाय.”

“ते मला दिसतंय, आत्ती. साहेबाला कागदच दिसणार.”

अक्काताईनं भाजीत मीठ घाल म्हणावं तशा आवाजात सांगितलं, “मग माझा बी कागद कर. सहा त्येंचं, सातवा माझा. आन् त्या धाव्या कलमात माझं नाव घाल. सौरव येऊ दे, शिकल माझ्या हाताखाली. पोरगा वंगाळ न्हाय.”

“अगं काय बोलतीयास?” मष्णूअण्णा खुर्चीतून पुढं झाले. “सख्ख्या भणीला पगारावर ठिवू? नेमणूकपत्र दिऊ? लोक तोंडात शेण घालतील माझ्या. मष्णूनं भणीला कामाला लावली म्हणतील!”

“कामाला लागून किती वर्सं झाली, अण्णा?”

“तसं न्हवं गं. घर तुझं, शेड तुझं. घरच्या माणसाला कशाला पाहिजे कागद?”

“शेड माझं, तर मग मी सौरवच्या हाताखाली कशी?”

मष्णूअण्णांनी बायकोकडं बघितलं. मनातून नागुबाई पोराच्याच बाजूनं होती. वन्सं घरी बसल्या तर आपल्याला दुपारी बोलायला माणूस होईल, इतका साधा तिचा हिशेब. पण आता ती नणंदेच्या चष्म्याकडं बघत होती. त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. नवा चष्मा, नवं पायताण, आजारी मैत्रिणीला न्यायला चार केळी, काहीही लागलं तरी अक्काताई आधी तिच्याकडं येऊन उभी राहायची. नागुबाई लगेच द्यायची, कधी नाही म्हणाली नव्हती. आणि देताना आपल्याला जरा मोठं झाल्यासारखं वाटतं, हे तिनं कधी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. आत्ता ते तिला एकदम दिसलं, आणि तिला ते आवडलं नाही.

“कर गं सौम्ये वन्संचा कागद,” ती म्हणाली.

“आई, तू पण?” विक्रम वळला.

“मी पण. लोक शेण घालतील तर घालू द्यात. धुवू की. साबन हायच नव्या नेमात.”

सौम्यानं कुणाला बोलू द्यायच्या आत नवं पान उघडलं. नाव लिहिलं. पद, रोपवाटिका पर्यवेक्षक. कामाची वेळ इतर सगळ्यांसारखी, आठवड्याची सुट्टी रविवार. ट्रे मांडीवर असलेल्या बाईकडं बघून ती म्हणाली, “ही पाळावी लागेल हं, आत्ती.” पगार, सौरवला ठरवलेला होता त्याच्याहून जास्त, तो आकडा तिनं विक्रमच्या डोळ्यांत बघत टाकला आणि विक्रमनं डोळे खाली घातले, म्हणजे मान्य केला.

मग ती थांबली.

“रुजू झाल्याची तारीख,” ती म्हणाली. “नेमणूक आजपासूनचीच होईल. मागची तारीख घालून पत्र करता येत नाही, ते खोटं होतं. पण सोबत मामांच्या सहीचा दाखला जोडता येतो, की ह्या बाई अमुक दिवसापासून सलग इथं काम करतात. तो खरा पाहिजे. साहेब उद्या तेच विचारणार. कधीपासून, मामा?”

“लिव की, लई वर्सं झाली म्हणून.”

“तारीख, मामा.”

मष्णूअण्णा सुपारी शोधायला लागले. ती त्यांच्या समोरच होती.

ह्या घरात त्या तारखेला वळसा घालूनच सगळे चालायचे. अक्काताई लग्न होऊन सदलग्याला गेली आणि सहा वर्षांनी मृगाच्या तोंडाला माहेरी आली, वडील आजारी म्हणून. आधी कुणी विचारलं तर सांगायचे, आलीय चार दिवस. ते चार दिवस लांबले, तसं सांगायचे, असती आमच्याकडंच. आणि गाव तिच्या मागं एकच शब्द बोलायचं, तो घरात कुणी उच्चारत नव्हतं. विक्रम तेव्हा पाच वर्षांचा. त्याला जे ठाऊक होतं ते असंच, दारामागनं ऐकलेलं.

“आत्तीला सदलग्याच्यांनी...” त्यानं सुरुवात केली आणि जीभ चावली. “म्हणजे ते झाल्यानंतर. चौऱ्याण्णव-पंच्याण्णव लिहू.”

“सदलग्याच्यांनी काय?” नागुबाई पुढं आली. “सांगा आता त्याला. तुम्ही सांगत न्हाईसा तर मी सांगती. दोनदा च्या केलाय म्या त्येंच्यासाठी. न्यायला आलते ते! जीप घेऊन आलते.”

“नागू—”

“नागू काय? पोराचे केस पिकाय लागले. किती दिस ऐकायचं त्येनं गावाचं?”

मष्णूअण्णांनी सुपारी हातात घेतली, तोंडात घातली नाही. एकतीस वर्षं मनात मांडून ठेवलेलं ते भराभर सांगत सुटले. “तंबाखूचा तरवा, लावणीची रोपं, उपटाय आलता. आठ वाफं. आप्पा अंथरुणाला. राखंत कालवून ते बारीक बी हिनंच पेरल्यालं, हिच्याबिगार कुणाला त्यातलं कळत न्हवतं. आप्पांनी मला जवळ बोलवून सांगितलं, पावण्यास्नी तरव्याचं कारण सांग. सांगितलं. आठ दिस थांबा म्हटलं. फुडच्या खेपंला आले तवा पंध्रा दिस. तिसऱ्यांदा जीप आलीच न्हाय. त्येंनी दुसरी केली. गाव बोलाय लागलं आन् मी बोलू दिलं. काय सांगायचं हुतं? आठ वाफ्यांपायी भणीचा संसार मोडला म्हणून? कागद कसा करू हिचा? त्यो कागद केला तर तेच लिवल्यागत हुतंय.”

सौम्यानं लॅपटॉपवरची बोटं उचलली.

अक्काताईनं ट्रे बाजूला ठेवला, भिंतीला धरून उठली आणि भावाच्या समोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. उलट जरा चिडल्यासारखी दिसत होती, एखादीनं कलम उलटं बसवलं की दिसायची तशी.

“एवढी वर्सं हे घेऊन बसलायस व्हय तू?” ती म्हणाली. “मला वाटलं, तुला पगार द्यायचा न्हाय म्हणून गप हाईस.”

“अक्के...”

“ऐक. जीप दारात आली तवा आप्पांनी मला बोलवलं आन् इचारलं, पोरी, जानार का? म्या म्हटलं, न्हाय. ते म्हणाले, मारत्यात का? म्या म्हटलं, न्हाय. खायाला घालत्यात, ल्यायाला देत्यात, समदं हाय. पर सा वर्सात एक वाफा माझ्या हाती दिला न्हाय कुणी. हितं आठ वाफं माझ्या हातचं उभं हायत, मला ते सोडवत न्हाय. तवा आप्पा म्हणाले, हे भाईर सांगू नको. टाकल्याली म्हणलं तर लोक चार दिस हळहळतील आन् जगू देतील. नवरा टाकून आल्यालीला जगू देनार न्हाईत. मग तुला आत बोलवून तरव्याचं सांगितलं.”

मष्णूअण्णांनी हातातली सुपारी खाली ठेवली. नागुबाई खाली बसली.

अक्काताई सौम्याकडं वळली. “चौऱ्याण्णव सालची पंचमी. तिच्या तिसऱ्या दिशी सकाळी जीप मोकळी गेली आन् मी वाफ्यात उतरले. तवापासनं कामाला हाय. ती तारीख घाल. अण्णा, सही कर. आन् कुणी इचारलं तर हेच सांगायचं आता, समद्यांनी. मला कुणी टाकलं न्हाय. नवऱ्याला म्या टाकलं. मला हे काम पायजे हुतं.”